काजूकाकू उशिरा शिकल्या

काजूकाकू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सत्तावीस वर्षं त्या शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर बसल्या, म्हणून तिथे सगळे त्यांना काजवाली म्हणत. कारखाना बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी त्या एका इस्पितळाच्या पाळणाघरात मदतनीस म्हणून लागल्या, तेव्हा कुणीतरी गमतीनं ते जुनं नाव सांगून टाकलं. तीन-चार वर्षांच्या जिभांना ते पेलेना. दोन दिवसांत काजवालीची काजूकाकू झाली. काही मुलं तर पहिला आठवडाभर त्यांच्या खिशात काजू आहेत का ते चाचपून बघत होती.

पाळणाघर इस्पितळाच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर होतं. एकच लांबट खोली. भिंतीपलीकडे इस्पितळाचे कपडे धुवायचे, त्यामुळे ती भिंत बाराही महिने कोमट असायची आणि दुपारी झोपायला मुलं तिलाच चिकटायची. दाराशी मुलांच्या उंचीवर खुंट्या होत्या. वाचता येत नाही म्हणून प्रत्येक खुंटीवर चित्र होतं, छत्री, मासा, शिट्टी, भिंगरी असं काहीबाही. पिशवी ज्या खुंटीला, तेच मुलाचं नाव होऊन जायचं. नर्सबाया, वॉर्डातल्या मावश्या, प्रयोगशाळेतले लोक सकाळी सातला मुलं सोडून पळायचे आणि दुपारी चारला पळतच न्यायला यायचे.

भिंगरी चार वर्षांची होती. दोन शेंड्या, त्यातली एक कायम सुटलेली. तिची आई शस्त्रक्रियेच्या विभागात नर्स होती. मुलगी तशी गोड, गाणी सगळी पाठ. पण चावायची. रोज कुणाला ना कुणाला, आणि असं चावायची की दातांची अख्खी कमान उमटायची. आया येऊन मुलांच्या बाह्या वर करून दाखवायच्या. भिंगरीची आई दाराशी उभी राहून सगळ्यांची क्षमा मागायची, ते बघवत नसे.

काजूकाकूंचा दुसराच आठवडा होता. जेवणाआधी हात धुवायची वेळ. भिंगरीनं छत्रीच्या खुंटीवाल्या मुलाच्या दंडाला असा चावा घेतला की रक्तच आलं. काजूकाकूंनी तिला खसकन ओढलं आणि हातावर एक चापट दिली. "चावशील पुन्हा? चावशील?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या बाई होत्या. पाळणाघर त्यांचं, म्हणजे त्यांनीच उभं केलेलं. अंगानं काटकुळ्या, आखूड केसांच्या. तीस वर्षं या कामात घालवूनही त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांनी आधी छत्रीचा दंड धुतला, त्यावर पट्टी लावली, मग भिंगरीला मांडीवर घेतलं, मुलांना जेवायला बसवलं. सगळं उरकल्यावर काजूकाकूंना बाजूला बोलावलं.

"इथे हात उचलायचा नाही."

"अहो बाई, हलकीच चापट होती."

"हलकी कुणाला?"

 नोकरी गेली, असंच काजूकाकूंना वाटलं. पण मोठ्या बाईंनी त्यांच्या हातात एक वही आणि पेन्सिल ठेवली.

"आठ दिवस तुम्ही फक्त भिंगरीकडे बघायचं. बाकीचं काम मी आणि दुसऱ्या बाई बघू. ती चावली की लिहायचं. किती वाजता, कुठे, आणि चावायच्या आधी काय झालं होतं. नंतरचं नाही लिहिलंत तरी चालेल. आधीचं मात्र सोडू नका."

"आधीचं काय लिहायचं? खोड आहे ती पोरीची."

"असेल. बघा तर खरं."

काजूकाकूंना हा पोरखेळ वाटला. मनात म्हणाल्या, आम्ही काय मुलं वाढवली नाहीत? पण नोकरीचा प्रश्न होता. स्टुलावर बसून त्या वहीत लिहू लागल्या. अक्षर मोडकंतोडकं, पण काजांच्या कामात नजर तयार झालेली. एक टाका चुकला तरी डोळ्याला खुपायचा. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की भिंगरी सकाळी खेळताना चावत नाही. कुणी तिचे ठोकळे पळवले तरी ओरडते, ढकलते, चावत नाही. पाचव्या दिवशी वहीत चार वेळा एकच वेळ लिहिलेली सापडली. सव्वाअकरा. हात धुवायची वेळ. नळ चार, त्यातला एक बिघडलेला, आणि वीस मुलं एकदम घुसायची. भिंगरीच्या पाठीला कुणी चिकटलं, मागून रेटलं, की ती वळायची आणि चावायची. बाकी दोन वेळा दाराशी, चार वाजता. तिथेही गर्दीच.

"पाठीला कुणी लागलं की चावते," त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं. सांगताना नकळत त्यांचा आवाज उत्साहाचा झाला होता.

"का बरं असेल?"

"ते नाही कळलं."

"मलाही नाही. नाही कळलं तरी चालेल. आता तुम्ही काय कराल?"

पुढे जे केलं त्यात जादू काहीच नव्हती. हात धुवायला चार-चार मुलं पाठवायची. त्याआधी पाच मिनिटं सांगून ठेवायचं, की आता हे गाणं संपलं की उठायचंय. भिंगरीला टॉवेल वाटायचं काम दिलं, म्हणजे ती भिंतीला पाठ लावून उभी राही आणि मागून कुणी यायचा प्रश्नच नसे. आणि मोठ्या बाईंनी शिकवलं ते एक वाक्य, "मला जागा हवी." काजूकाकू रोज गुडघे मोडून तिच्या डोळ्यांसमोर बसायच्या आणि तिच्याकडून ते म्हणवून घ्यायच्या. चावायच्या ऐवजी हे म्हणायचं. पहिल्यांदा ती ते म्हणाली तेव्हा इतक्या जोरात किंचाळली की पलीकडून धोबी धावत आला. काजूकाकूंनी तिला रागावायचं नाही म्हणून ओठ घट्ट मिटले, मग म्हणाल्या, "तू सांगितलंस. तोंडानं सांगितलंस. बघ, तो सरकला." भिंगरीनं छत्रीकडे बघितलं. तो खरंच सरकला होता.

अधूनमधून ती चावलीही. सुटणारी शेंडी जशी सुटायची, तसंच. पण महिन्याभरानं आया बाह्या वर करायच्या थांबल्या.

त्याच सुमाराची गोष्ट. दुपारी मुलं झोपल्यावर दोघी रंगाचे ब्रश धूत होत्या. मोठ्या बाईंनी सहज विचारलं, "तुमची मुलगी लहानपणी कशी होती हो?"

"तिनं त्रास दिलाच नाही कधी," काजूकाकू म्हणाल्या.

"कधीच नाही?"

"पाच वर्षांची झाल्यावर कधीच नाही."

 नळ वाहत होता. काजूकाकूंना आपलंच वाक्य कानात ऐकू आलं. ब्रश धुवून झाले होते तरी त्या पुन्हा पुन्हा पिळत राहिल्या.

पाच वर्षांची होईपर्यंत मुलीनं त्यांच्या नाकी नऊ आणले होते. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी. सकाळची पाळी साडेसहाची. मुलीला शेजारणीकडे सोडायचं, आणि मुलगी रोज उठल्यापासून भोकाड पसरायची. कपडे घालू द्यायची नाही, आईच्या पायाला मिठी मारायची, ओरबाडायची. काजूकाकू मारायच्या. हातानं, मग हातात असेल त्यानं. त्यांची आई त्यांना मारायची, शेजारणी आपापल्या पोरांना मारायच्या. यात काही विचार करण्यासारखं आहे, असं त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं.

एके दिवशी मुलगी बूट घालीना. त्या आठवड्यात त्यांना दोनदा उशीर झालेला, मुकादमानं सगळ्यांदेखत पाणउतारा केलेला. पित्त खवळलं. त्यांनी त्याच बुटानं मुलीला मारलं, अडगळीच्या खोलीत ढकललं, बूट आत फेकले आणि बाहेरून कडी घातली. जाताना शेजारणीला सांगितलं, अर्ध्या तासानं काढा, जरा अद्दल घडू दे. शेजारणीकडे त्या दिवशी पाहुणे आले आणि ती विसरली. आठवण झाली तेव्हा बारा वाजून गेले होते. दार उघडलं तर मुलगी अंधारात रिकाम्या खोक्यावर बसलेली. रडत नव्हती. दोन्ही बूट पायांत घातलेले, उलटसुलट.

त्यानंतर ती कधी रडली नाही. सकाळी आपली आपण तयार होऊन दाराशी उभी राहायची. काजूकाकू चारचौघींत कौतुकानं सांगायच्या, की आमची कशी एका दिवसात सुधारली. ऐकून लोक हसायचे, त्याही हसायच्या.

मुलगी शिकली, जमीनमोजणीच्या कार्यालयात लागली, लग्न करून नदीपलीकडे राहायला गेली. बाप तोवर वारला होता. ती दर रविवारी फोन करी, सणासुदीला साडी आणी, आईची औषधं वेळेवर घेऊन देई. कुणी नाव ठेवावं असं तिनं काही केलं नाही. तिला मुलगा झाला. काजूकाकू म्हणाल्या, "कामावर जाशील तेव्हा मी येत जाईन, माझी पाळी बदलून घेते." मुलगी म्हणाली, "कशाला आई, दगदग होईल तुला." नंतर एकदा म्हणाल्या, "दोन तास तरी ठेव माझ्याकडे, बाजारात जाऊन या दोघं." मुलगी म्हणाली, "राहू दे, त्याला घेऊनच जाऊ." प्रत्येक वेळी कारण वेगळं आणि अगदी पटण्यासारखं. नातू दुसऱ्या वर्षात गेला तेव्हा कुठे काजूकाकूंच्या डोक्यात प्रकाश पडला, की तो आजवर एक क्षणही त्यांच्याजवळ एकटा राहिलेला नाही. मुलगी स्वयंपाकघरात गेली तर त्याला कडेवर घेऊन जायची.

त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पाळणाघरात त्या आता सगळ्यांत जुन्या मदतनीस झाल्या होत्या. नव्या मुलींना त्या शिकवत. "मुलाला 'पळू नकोस' म्हणू नका, 'चालत ये' म्हणा. काय नको ते त्याला कळतं, काय हवं ते कळत नाही." मूल हट्टाला पेटलं की दोनच गोष्टी पुढे ठेवत, लाल पेला की निळा, म्हणजे निवडायचा मान त्याचा आणि दूध तेच. आदळआपट चालू असताना भाषण देत नसत. जवळ बसत, कुणाला लागू नये एवढं बघत आणि वाट पाहत. सगळ्या गोंधळात एखादं वांड पोर मिनिटभर शांत बसलं तर ते मिनिट न चुकता हेरत आणि त्याला सांगत, की मी बघितलं. सहा मुलांना एकदम सांभाळताना त्यांचा चेहरा असा निवांत असे की वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणत, "तुमच्या मुलीचं नशीब हो." काजूकाकू मान खाली घालून खेळणी उचलू लागत.

नातू तीन वर्षांचा असताना एका रविवारी मुलगी त्याला घेऊन आली. जेवताना त्याला तांब्यातलं पाणी स्वतः ओतून घ्यायचं होतं. काजूकाकूंनी सवयीनं ओतून दिलं. झालं. पोरानं पेला भिरकावला, ताटाला लाथ मारली, जमिनीवर लोळण घेऊन किंचाळायला लागला. काजूकाकूंनी मुलीकडे बघितलं. मुलगी पांढरीफटक पडली होती. ती त्याला मारत नव्हती, रागावत नव्हती, जवळही घेत नव्हती. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती. मग तशीच मागे सरकत दुसऱ्या खोलीच्या दारात गेली.

काजूकाकू जमिनीवर बसल्या. पोराच्या हातभर अंतरावर.

"तुला स्वतः ओतायचं होतं," त्या हळू म्हणाल्या. "मी ओतलं. राग आला."

तो किंचाळत राहिला. त्या तिथेच बसून राहिल्या. पाणी त्यांच्या साडीत शिरत होतं. बऱ्याच वेळानं किंचाळणं फुटून रडणं झालं.

"खूप राग आला," त्या म्हणाल्या. "जवळ येतोस की तिथेच बसतोस?"

आणखी थोड्या वेळानं तो सरपटत त्यांच्या गुडघ्याशी आला. त्यांनी त्याची पाठ थोपटली. "हे पाणी पुसू या. मोठं फडकं तुला की मला?"

"मला," तो हुंदके देत म्हणाला.

दोघांनी फरशी पुसली. मग त्यानं तांब्यातून स्वतःच्या हातानं पेला भरला, निम्मं बाहेर सांडलं आणि अभिमानानं आजीकडे बघितलं.

मुलगी दारातच होती. "हे तुला येत होतं?"

"आता शिकले."

"कधी?"

"चार वर्षं झाली. पाळणाघरात लागले तेव्हा."

"किती दिवस लागले शिकायला?"

काजूकाकूंना खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्या तोंडून खरं ते निघून गेलं. "आठ दिवस."

"आठ दिवस," मुलगी म्हणाली. नातू खिडकीशी जाऊन आपला पेला उन्हात धरून बघत होता. त्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती बोलू लागली. "मला वाटायचं, तुला येतच नव्हतं. बाबा घरी नाहीत, कारखाना, मुकादम, तू एकटी. दुसरं काही करणं तुला शक्यच नव्हतं. मी इतकी वर्षं तेच धरून बसले होते, आई. आणि ते आठ दिवसांचं काम होतं."

"तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं गं."

"माहीत आहे मला."

काजूकाकूंच्या मनात हे शब्द वर्षभर तयार होते. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी अडगळीत घातलं ते, आणि आधीचंही सगळं. मला माफ कर."

"माफी मागू नकोस. तू मागितलीस की ती द्यायचं काम माझ्यावर येऊन पडतं. ते काम मला नकोय."

तिनं मुलाचं तोंड पुसलं, पिशवी आवरली, आईच्या ओल्या पदराकडे बघून "बदल ते, सर्दी होईल" असं म्हणाली आणि गेली.

त्यानंतर तीन महिने रविवारचा फोन आला नाही. औषधं मात्र कुणाच्या तरी हाती यायची. काजूकाकू कामावर जात होत्या, गाणी म्हणत होत्या, नाकं पुसत होत्या. एकदा औषधाच्या दुकानात त्यांना भिंगरी दिसली. शाळेच्या गणवेशात, दोन्ही शेंड्या जागच्या जागी. काजूकाकूंनी हाक मारली. भिंगरी आपल्या आईच्या मागे लपली. "अगं, काजूकाकू या! विसरलीस?" तिची आई ओशाळली. भिंगरीनं मान हलवली. तिला खरंच काही आठवत नव्हतं. काजूकाकू हसल्या, तिच्या शेंडीचं कौतुक केलं आणि घरी येईपर्यंत विचार करत राहिल्या, की जिच्यापुढे आपण वर्षभर गुडघे मोडून बसलो तिला आपण आठवत नाही, आणि जिला एक सकाळ कोंडलं तिला ती सकाळ मिनिटामिनिटानं पाठ आहे.

चौथ्या महिन्यात फोन आला. खुशाली वगैरे काही नाही. "तो दात घासायला येत नाही. काय करू?" काजूकाकूंनी सांगितलं. "बरं," म्हणून तिनं ठेवला. मग असे फोन येऊ लागले. तो शाळेत मारामारी करतो. तो झोपत नाही. तो खोटं बोलला. काजूकाकू आधी विचारायच्या, "त्याच्या आधी काय झालं होतं?" मुलगी आठवून सांगायची. बोलणं नातवाच्या पलीकडे कधी गेलं नाही. रविवारी ती पुन्हा यायला लागली, पण नातवाला त्यांच्याजवळ सोडून ती कधीच बाहेर गेली नाही, आणि काजूकाकूंनीही पुन्हा ते मागितलं नाही.

नातू पाच वर्षांचा झाला त्या वर्षीची गोष्ट. पाळणाघर सुटलं होतं, खुंट्या रिकाम्या झाल्या होत्या. काजूकाकू ठोकळे पुसून टोपलीत टाकत होत्या. दारात मुलगी उभी. या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. एकटीच होती. आत येऊन ती एका छोट्याशा खुर्चीत बसली, गुडघे हनुवटीला लागले.

"माझा हात उठला," ती म्हणाली. "आज सकाळी. तो बसच्या वेळेला आडवा झाला, मला उशीर झाला होता, आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. तो गप्प झाला, आई. एकदम गप्प झाला. आपलं आपण दप्तर उचललं."

काजूकाकूंच्या हातातला ठोकळा हातातच राहिला. तिला पोटाशी धरावं असं त्यांना फार वाटलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आता कुठे आहे?"

"शाळेतून घरी आला असेल. त्याचे बाबा आहेत."

"तर तू इथे बसू नकोस. घरी जा. त्याच्यासमोर खाली बस आणि सांग, मी मारलं, ते चुकलं, त्यात तुझी काही चूक नव्हती. कारणं सांगू नकोस. उशीर झाला होता वगैरे काही नको."

"आणि तो काही बोललाच नाही तर?"

"नाही बोलला तर नाही. रडला तर रडू दे, अंगावर आला तर येऊ दे. त्याला 'माफ कर' म्हणू नकोस. पण आजच सांग. मला एकोणतीस वर्षं लागली."

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. मग ती उठली. खुर्ची तिच्या पिशवीला अडकून कलंडली, तिनं ती उचलून नीट ठेवली आणि भराभर चालत गेली. पाणीही घेतलं नाही.

काजूकाकूंनी उरलेले ठोकळे पुसले, खिडक्या लावल्या, किल्ली पहारेकऱ्याकडे दिली. घरी आल्या, भाताला आधण ठेवलं. सातच्या सुमाराला फोन वाजला.

"सांगितलं," मुलगी म्हणाली.

"काय म्हणाला?"

"आधी काहीच नाही. मग म्हणाला, खूप दुखलं. आणि मग रडला. अजून मधूनमधून रडतोय."

"रडू दे," काजूकाकू म्हणाल्या. 

 पलीकडे फोन कुठेतरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला. नळ सुटला, भांडी वाजली, नातवानं रडव्या आवाजात काहीतरी मागितलं, मुलीनं त्याला विचारलं, "मोठी वाटी की छोटी?" फोन बंद करायचा ती विसरली होती की तिनं मुद्दाम तसाच ठेवला होता, ते काजूकाकूंना कळलं नाही. विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. भात उतू जाऊन गॅस विझला, तो त्यांनी एका हातानं बंद केला, आणि फोन कानाशी धरून त्या ओट्याजवळ उभ्या राहिल्या.